ज्येष्ठांना बसवून ठेवू नका. हाडे आणि स्नायू भारावरच टिकतात

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर ज्येष्ठ नागरिकांसाठी येणारे लेखन मी नियमित वाचते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, विस्मरण यांविषयी तेथे चांगली माहिती मिळते. हाडे आणि स्नायू यांच्या वाट्याला मात्र बहुधा दूध प्या, कॅल्शियमची गोळी घ्या आणि जपून चाला, एवढेच येते. फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरीची सारी वर्षे रुग्णालयात घालवल्यानंतर मला असे ठामपणे वाटते की, या सल्ल्यात जे सर्वांत महत्त्वाचे तेच सांगायचे राहून जाते. हाडांना आणि स्नायूंना पुरेसा भार मिळाला नाही, तर शरीर ती स्वतःच झिजवू लागते, आणि साठी उलटली की आपण घरातल्या माणसांना प्रेमापोटी नेमका तो भार नाकारतो. ‘आई, तू बस, मी आणते’, ‘बाबा, पिशवी इकडे द्या’, ‘आता जमिनीवर बसायचे नाही’ ही वाक्ये काळजीतून येतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु वर्षानुवर्षे तसे वागल्याने काय होते, हे शरीर कसे चालते ते समजल्याशिवाय लक्षात येत नाही. म्हणून पत्र लांबले तरी छापावे, अशी विनंती आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात, हे शाळेत प्रत्येकाने पाठ केलेले असते. तान्ह्या बाळाच्या शरीरात ती याहून बरीच जास्त, सुमारे २७०, असतात आणि वाढत्या वयात त्यांतली काही एकमेकांना जुळून एक होतात, हेही अनेकांना ठाऊक असते. मात्र प्रयोगशाळेच्या कपाटात टांगलेला तो कोरडा, पांढरा सांगाडा पाहून हाड म्हणजे एकदा घडले की संपले, अशी जी समजूत मनात बसते, ती पुढे आयुष्यभर जात नाही. जिवंत हाड ओले असते, त्यात रक्तवाहिन्या असतात, चेता असतात आणि काम करणाऱ्या पेशी असतात. त्याच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या खनिजाचा असतो. उरलेला मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा आणि पाण्याचा. खनिजामुळे हाड दाबाला टिकते आणि कोलॅजेनमुळे ते ताणाला आणि वाकण्याला टिकते. कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ करून आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले, तर खनिज विरघळून जाते आणि उरलेले हाड रबरासारखे वाकते; उलट हाड जाळले तर कोलॅजेन जळून जाते आणि आकार तसाच राहूनही बोटाच्या दाबाने त्याचा चुरा होतो. या कोलॅजेनच्या रेणूत तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, ही मांडणी मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ साली केली. आपल्या देशात झालेले इतके मूलभूत काम शालेय पुस्तकातल्या हाडांच्या धड्यात यायला हवे, असे मला फार वाटते.

हाड कसे टिकते, हा खरा प्रश्न आहे. त्याच्या पृष्ठभागावर दोन प्रकारच्या पेशी आळीपाळीने काम करतात: एक जुने हाड विरघळवून खड्डा करतात आणि दुसऱ्या त्या खड्ड्यात नवे हाड भरतात. एका जागी जुने काढण्याचे काम काही आठवड्यांत संपते, नवे भरायला मात्र तीन-चार महिने लागतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नव्याने घडत असतो. कोठे काढायचे आणि कोठे भरायचे हे ठरवण्यात मोठा वाटा असतो तो तिसऱ्या प्रकारच्या पेशींचा. या पेशी हाडाच्या आत पुरल्या गेलेल्या असतात आणि केसाहून बारीक नलिकांमधून एकमेकींशी जोडलेल्या असतात. आपण पायरी चढतो, जड वस्तू उचलतो, तेव्हा हाड अगदी किंचित, डोळ्याला कधीच न दिसणारे, वाकते. त्या वाकण्याने नलिकांतला द्रव हलतो आणि त्या हालचालीवरून येथे हाड लागणार आहे हे या पेशींना कळते. नवे हाड घडण्याला लगाम घालणारे स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन त्या मग कमी सोडतात. भार बंद झाला की हेच प्रथिन वाढते, भरणाऱ्या पेशी मंदावतात, आणि काढणाऱ्यांचे काम चालूच राहते.

ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने हाड भाराप्रमाणे आपली अंतर्रचना बदलते, हे १८९२ साली ग्रंथरूपाने मांडले होते. या पेशींची कामगिरी त्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते, पण निरीक्षण अचूक होते. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे दंडाचे हाड दुसऱ्या हाताच्या हाडापेक्षा जाड आणि भक्कम असते, एकाच माणसाच्या, एकाच आहारावर वाढलेल्या शरीरात. याच्या दुसऱ्या टोकाला अंतराळवीर आहेत. तेथे वजनच जाणवत नसल्यामुळे त्यांच्या खुब्याच्या हाडातील खनिज महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्याने कमी होत असल्याचे आढळले, आणि म्हणूनच अंतराळस्थानकात रोज बराच वेळ प्रतिरोधाचा, म्हणजे विरोधाविरुद्ध जोर लावण्याचा, व्यायाम करावा लागतो. निवडून, पारखून घेतलेल्या धडधाकट माणसांची ही कथा. मग दिवसाचे दहा तास सोफ्यावर आणि उरलेले अंथरुणात घालवणाऱ्या सत्तरीच्या बाईंच्या खुब्याचे काय होत असेल, याचा विचार आपण करत नाही. त्यातच पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत इस्ट्रोजेन घटल्यामुळे काढणाऱ्या पेशी अधिक जोमाने काम करतात आणि हाडाची झीज एकदम वाढते.

आता स्नायूंकडे वळते. शरीरात ६०० हून अधिक कंकाल-स्नायू आहेत आणि त्यांतला प्रत्येक फक्त ओढू शकतो. ढकलणे कोणत्याही स्नायूला येत नाही. म्हणूनच ते जोडीने असतात: कोपर वाकवणारा पुढे, सरळ करणारा मागे. स्नायूच्या तंतूत ॲक्टिन आणि मायोसिन या दोन प्रथिनांचे धागे, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत सरकवावीत तसे, एकमेकांत सरकतात. धागे स्वतः आखूड होत नाहीत, सरकण्याने स्नायू आखूड होतो. ही गोष्टदेखील १९५४ सालीच, हक्सली आडनावाच्या, पण एकमेकांशी नाते नसलेल्या दोन शास्त्रज्ञांनी आपापल्या सहकाऱ्यांसह स्वतंत्रपणे मांडली. मेंदूकडून आलेला निरोप चेतेमार्फत तंतूपर्यंत पोचला की तंतूच्या आत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते, मायोसिनची टोके ॲक्टिनला धरून ओढतात, आणि एटीपी हा ऊर्जेचा रेणू मिळाला की पकड सोडून पुढची पकड घेतात. मृत्यूनंतर शरीर ताठरते ते एटीपी संपल्यामुळे पकड सुटत नाही म्हणून.

स्नायू हाडाला सांध्याच्या अगदी जवळ जोडलेला असतो, या एका गोष्टीचे परिणाम मोठे आहेत. कोपर काटकोनात ठेवून हातात पाच किलोची पिशवी धरली, तर पिशवी कोपरापासून सुमारे ३५ सेंटीमीटरवर असते आणि दंडाच्या पुढच्या स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटीमीटरवर. त्यामुळे त्या पाच किलोसाठी स्नायूंना सात-आठ पट, म्हणजे ३५ ते ४० किलोइतकी ओढ लावावी लागते. व्यवहार तोट्याचा वाटतो, पण त्याच्या बदल्यात स्नायू थोडासा आखडला तरी हात दूरपर्यंत आणि झटकन जातो. ही सारी ओढ शेवटी हाडावर येते. हाडाला मिळणारा मोठा भार आपल्या वजनापेक्षाही आपल्याच स्नायूंकडून येतो, हे एकदा ध्यानात आले की दोन्ही संस्थांचा विचार वेगवेगळा करता येत नाही. स्नायू दुबळा झाला की हाडाला ओढणारेच कोणी उरत नाही. म्हणूनच ज्यांची हाडे ठिसूळ झालेली आढळतात, त्यांचे स्नायूही पुष्कळदा खंगलेले असतात.

वय वाढते तसे स्नायू घटतात, पण सगळे सारखे घटत नाहीत. काही तंतू संथ आणि चिवट असतात, ते उभे राहायला आणि चालायला पुरतात. काही वेगवान आणि जोरकस असतात. उतारवयात आधी क्षीण होतात ते हे वेगवान तंतू. पाठीच्या कण्यातल्या, त्यांना चालवणाऱ्या चेतापेशी कमी होतात, पोरके झालेले काही तंतू शेजारच्या संथ चेतेच्या ताब्यात जातात आणि स्वतःही संथ होतात. बाकीचे झिजून नाहीसे होतात. न्हाणीघराच्या उंबऱ्याला ठेच लागली तर दुसरा पाय क्षणार्धात पुढे टाकावा लागतो. ते काम वेगवान तंतूंचे आहे. ते उरलेले नसले, तर माणूस सपाटीवर व्यवस्थित चालताना दिसतो आणि तरीही ठेच लागताच पडतो. ‘आई रोज देवळापर्यंत चालत जायच्या, मग अशा कशा पडल्या?’ असे नातेवाईक मला अनेकदा विचारत असत. चालणे हा उत्तम व्यायाम आहे आणि हृदयासाठी तो हवाच. मात्र मांडीची ताकद वाढवण्यासाठी तो अपुरा आहे.

ताकद किती उरली आहे, हे घरच्या घरी पाहता येते. हात छातीवर घेऊन खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसायचे. याला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला, तर स्नायूंच्या क्षीणतेची पुढील तपासणी करावी, असे आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली सुचवले आहे. या साध्या उठण्यात काय काय घडते ते पाहण्यासारखे आहे. प्रथम पावले मागे, गुडघ्यांच्या खाली घ्यावी लागतात. मग धड पुढे झुकते आणि शरीराचा भार बैठकीवरून पावलांवर येतो. त्याच क्षणी नितंबांचे स्नायू खुबा सरळ करू लागतात आणि मांडीचा पुढचा चतुःशिर स्नायू गुडघा सरळ करू लागतो. गुडघ्याची वाटी या स्नायूच्या कंडरेतच बसलेली असते. ती कंडरेला सांध्यापासून थोडी पुढे धरून ठेवते, त्यामुळे तेवढ्याच ओढीत गुडघा अधिक जोराने सरळ होतो. ज्यांची मांडी दुबळी झालेली असते, ते आधी हातांनी खुर्चीचे दांडे दाबतात, मग झोका घेऊन उठू पाहतात, आणि शेवटी कोणीतरी हात देण्याची वाट पाहत बसून राहतात. आपण हात देतो. दर वेळी दिलेल्या त्या हाताने मांडीचे तेवढे काम कमी झालेले असते.

आपल्या घरांत पूर्वी हे काम न सांगता होत असे. जेवायला पाटावर, निवडायला-टिपायला जमिनीवर, शौचाला उकिडवे, देवपूजेला आसनावर: दिवसाकाठी कितीतरी वेळा संपूर्ण शरीर जमिनीवरून उचलले जाई. डायनिंग टेबल, कमोड आणि सोफा आले, ओटा उभ्याचा झाला. गुडघ्यांची झीज झालेल्यांसाठी ही सोय आवश्यकच आहे आणि त्यांनी हट्टाने मांडी घालावी असे मी कधीही सांगणार नाही. ज्यांचे गुडघे धड आहेत, त्यांनीही केवळ वय झाले म्हणून जमीन सोडू नये, एवढेच म्हणणे आहे. सोडली असेल, तर गेलेल्या कष्टाची जागा व्यायामाने भरून काढावी लागेल.

‘गुडघ्यातले वंगण संपले, आता वापर कमी करा’ हाही असाच एक सल्ला. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. भार आला की तिच्यातला द्रव बाहेर दाबला जातो, भार हटला की सांध्यातला द्रव पोषण घेऊन आत शिरतो. हालचाल थांबली तर हे पोषणच मंदावते. झिजलेल्या गुडघ्यालाही मापात, वेदना बेताच्या ठेवून दिलेला व्यायाम हवा असतो, आणि भोवतालचा स्नायू बळकट झाला की दुखणे बहुधा कमी होते.

येथे काठीविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण रस्त्यात दिसणारी किती तरी माणसे काठी चुकीच्या हातात धरतात. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. उजव्या पायावर उभे असताना शरीराचे वजन कटीला डावीकडे खाली ओढते. तिला सावरतो उजव्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू. तो सांध्याच्या जवळ आहे आणि शरीराचा भार त्यापेक्षा दूर, म्हणून त्याला शरीराच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट ओढ लावावी लागते. वजन आणि ओढ मिळून खुब्याच्या सांध्यावर वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. ६० किलोच्या माणसात दीडशे किलोच्या पुढे. उजवा खुबा दुखत असेल आणि काठी डाव्या हातात असेल, तर ती सांध्यापासून लांबच्या जागी शरीराला वर रेटते, आणि हातावर अगदी थोडे वजन टाकले तरी स्नायूची ओढ बरीच कमी होते. दुखऱ्या बाजूला धरलेल्या काठीचा हा फायदा मिळत नाही. खुब्याचे असो वा गुडघ्याचे, काठी दुखण्याच्या विरुद्ध हातात हवी.

अंथरूण धरले की काय होते, तेही आता मोजले गेले आहे. एका अमेरिकी अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो स्नायूंचे वस्तुमान घटले. साध्या तापानंतर किंवा छोट्या शस्त्रक्रियेनंतर ‘पंधरा दिवस हलायचे नाही’ असे घरच्यांनी परस्पर ठरवणे किती महागात पडते, हे यावरून कळावे. उलट, गेलेली ताकद पुन्हा मिळवता येते. बोस्टन येथे मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त व्यक्तींना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजने लावून चांगला जोरकस व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या ताकदीत सरासरी १७४ टक्के वाढ झाली. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. इतकी वर्षे लोटली, तरी सत्तरीच्या माणसाला वजन उचलायला सांगितले की आपल्याकडे घरचे लोक दचकतात.

आहार आणि औषधे यांचे महत्त्व मी नाकारत नाही. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असते आणि रक्तातली पातळी घसरू लागली की शरीर ते हाडांतूनच काढून घेते. म्हणून नाचणी, तीळ, दूध, दही ताटात हवेच, ड जीवनसत्त्व तपासून घ्यायला हवे, आणि डाळ-उसळ, अंडी, मासे यांतून पुरेशी प्रथिने मिळायला हवीत. चहा-बिस्किटांवर रात्रीचे जेवण उरकणाऱ्या आजी-आजोबांच्या स्नायूंना घडायला सामग्रीच मिळत नाही. साध्या एक्स-रेत हाडाची झीज बरीच पुढे गेल्याशिवाय दिसत नाही, त्यासाठी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी लागते. तीत हाडे ठिसूळ आढळली तर डॉक्टरांनी दिलेली औषधे नेमाने घ्यावीत. ज्यांच्या मणक्याला आधीच दबून फ्रॅक्चर झाले आहे, त्यांनी पुढे वाकण्याचे आणि पिळे देण्याचे व्यायाम टाळावेत. हृदयविकार किंवा चक्कर असेल तर आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. मात्र गोळीने आलेले कॅल्शियम कोठे बसवायचे, हे हाडाला भारच सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे, आणि तीन दिवस तोल व ताकद एकत्र साधणारे व्यायाम करावेत. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रे आहेत, उद्यानांत खुल्या व्यायामशाळा आहेत. त्या व्यायामशाळांतली बरीचशी यंत्रे नुसती झुलतात, भार वाढवण्याची सोय त्यांत नसते, आणि शिकवायला कोणी नसते. फिजिओथेरपी महाविद्यालयांत आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून दोन सकाळी या केंद्रांवर पाठवावे, अशी माझी महापालिका आणि महाविद्यालये या दोघांना विनंती आहे. आपल्या दैनिकानेही आरोग्याच्या पानावर दर आठवड्याला एक व्यायाम चित्रासह, कोणी करावा आणि कोणी करू नये या माहितीसह द्यावा.

तोवर घरी सुरुवात करू इच्छिणाऱ्यांनी हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठबस आणि ओट्याला धरून टाचा उचलणे, हे दोन व्यायाम आठ-दहा वेळा, दोन खेपांत, एक दिवसाआड करावेत. शेवटची दोन-तीन आवर्तने जड जायला हवीत. सोपी वाटू लागली की हातात एक लिटरची पाण्याची भरलेली बाटली घ्यावी, पुढे दोन. खुर्ची भिंतीला टेकवलेली, बिनचाकांची आणि गुडघ्याइतक्या उंचीची असावी. पहिले काही दिवस घरातल्या कोणीतरी शेजारी उभे राहावे, पण पडण्याची भीती नसेल तर हात देऊ नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट, सातारा